कारणांच्या यादीतल्या बाया : एक प्रस्तावना

१९४८ साली जालन्याहून परदेश बैलगाडीच्या अंतरावर होता. देऊळगाव राजा त्या परदेशात, सिंदखेड राजाही त्यातच. म्हणजे जिजाऊंचे माहेर हिंदुस्थानात आणि तिथून काही कोसांवरचे जालना निजामाच्या 'स्वतंत्र' हैदराबादेत. कागदोपत्री तर आणखी गंमत होती. बुलढाणा ज्या वऱ्हाडात मोडतो तो वऱ्हाडही नावाने निजामाचाच. १९०२ च्या कराराने त्याने तो इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने दिला होता, आणि पुढे थोरल्या शहजाद्याला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली होती. पण १५ ऑगस्ट १९४७ नंतर ही जुनी कलमे कोण बघतो? सरहद्दीच्या पलीकडे तिरंगा हा सण होता आणि अलीकडे गुन्हा. रझाकारांच्या धाकाने लेकीबाळी घेऊन निघालेली कुटुंबे पलीकडे जात होती. उमरखेड, मनमाड अशा पलीकडच्या तळांवरून मुक्तिसंग्रामाचे कार्यकर्ते अलीकडे येत होते.

मग १३ सप्टेंबर १९४८ ला जी फौज या सरहद्दीवरून आत आली ती कुणाची म्हणायची? आपली की परकी?

लढाईत पोळलेल्या मुलखात बाहेरच्या सैन्याने शिरावे का, तिथल्या स्त्रियांची अब्रू आणि हक्क हे त्यासाठी पुरेसे कारण आहे का, हा वाद मराठी वाचक बहुधा काबूलच्या बातम्यांतून ऐकतो आणि लांबचा म्हणून सोडून देतो. पुढील पानांत तो जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद, परतूर या तालुक्यांत आणून मांडला आहे. इथे तो सोपा वाटतो, कारण निकाल सगळ्यांना पाठ आहे : निजाम शरण आला, मराठवाडा मुक्त झाला, १७ सप्टेंबरला जालन्याच्या टाऊन हॉलमध्ये हुतात्मा जनार्दन मामा नागापूरकरांच्या स्मृतिस्तंभाजवळ झेंडावंदन होते. हा निकाल चुकीचा होता असे म्हणण्याचे कारण नाही. मात्र बाईला पुढे करून जो दावा मांडला गेला, त्याच्या निकालपत्रात तिचे नाव कुठे आले हे तपासायला हवे.

आधी दावा पाहू. २९ नोव्हेंबर १९४७ ला हिंदुस्थान आणि हैदराबाद यांच्यात 'जैसे थे' करार झाला. वर्षभर कुणी काही हलवायचे नाही असे ठरले, आणि लगेच सगळेच हलू लागले. लातुरात वकिली करणारा कासिम रझवी इत्तेहादुल मुसलमीनचा म्होरक्या झाला होता आणि त्याचे रझाकार गावोगाव कवायत करत होते. २२ मे १९४८ ला गंगापूर स्टेशनात मुंबईच्या गाडीवर हल्ला झाला. (हे गुलबर्ग्याकडचे गंगापूर, औरंगाबादजवळचे नव्हे. मराठवाड्यातल्या गप्पांत दोन्ही गंगापुरांची हमखास गल्लत होते.) ऑगस्टमध्ये तेलंगणातल्या भैरनपल्लीत रझाकारांनी गावच कापून काढले. दिल्लीने हैदराबादवर श्वेतपत्रिका काढली, तीत खून, जाळपोळ, लूट आणि स्त्रियांवरचे अत्याचार असा पाढा होता. तो खोटा नव्हता. रझाकारांच्या विरोधात लिहिल्याबद्दल 'इमरोज'चा तरुण संपादक शोएबुल्ला खान याला त्याच ऑगस्टात हैदराबादेत ठार केले गेले. तो मुसलमान होता हे मुद्दाम सांगायला हवे, कारण पुढच्या काळात हा सगळा हिशेब दोनच रकान्यांत मांडायची सवय लागली.

निजामाच्या बाजूचीही कैफियत होती. २१ ऑगस्टला हैदराबादने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार नोंदवली. आपण स्वतंत्र देश आहोत, शेजारी नाकेबंदी करतो आहे आणि चाल करून येण्याची धमकी देतो आहे, असा तिचा रोख होता. परिषद बसली १६ सप्टेंबरला, पॅरिसच्या पाले द शायो या इमारतीत. तोवर फौजा आत शिरून तीन दिवस झाले होते. हैदराबादतर्फे मोईन नवाज जंग, हिंदुस्थानतर्फे रामस्वामी मुदलियार. विषय चर्चेला घ्यावा या बाजूने आठ मते पडली, तिघे तटस्थ राहिले. हा आमचा घरचा मामला आहे, असे दिल्लीचे म्हणणे. म्हणूनच मोहिमेचे सरकारी नाव 'पोलीस ॲक्शन'. तीत रणगाडे होते, विमाने होती, ती गोष्ट वेगळी. दुसऱ्याच दिवशी निजामाने शरणागती पत्करली आणि आठवड्याच्या आत तक्रारही मागे घेतली.

पॅरिसच्या त्याच इमारतीत १० डिसेंबर १९४८ ला मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत झाला. त्याच्या मसुद्यात स्त्रिया गृहीत धरल्या जाऊ नयेत, त्यांचा समावेश शब्दांतूनच स्पष्ट व्हावा, म्हणून भांडल्या त्या हिंदुस्थानच्या प्रतिनिधी हंसाबेन मेहता. या गोष्टीचा अभिमान वाटावा तेवढा थोडा. पण त्याच १० डिसेंबरला पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार हैदराबादच्या मुलखात विहिरी पाहत फिरत होते.

त्याआधी जालन्यात काय झाले ते सांगून टाकू. मोहिमेचा मुख्य लोंढा सोलापूरकडून आला. मेजर जनरल ब्रार यांच्या हाताखालच्या तुकड्या पश्चिमेकडून औरंगाबादेवर आल्या. औरंगाबादेत मुलकी अधिकारी दुपारी पुढे आले आणि शहर स्वाधीन केले. जालन्यात मात्र निजामाच्या सैनिकांनी चिवटपणे तोंड दिले. शीख पलटण, जोधपूर इन्फन्ट्रीची एक कंपनी आणि १८ कॅव्हलरीचे रणगाडे इथे कामी लावावे लागले. मग गुरख्यांची एक कंपनी जालन्यात ठेवून बाकीचे लातूर-मोमिनाबादकडे निघून गेले. लष्करी इतिहासात जालन्याला एवढीच जागा आहे. १८०३ साली वेलस्लीची लढाई झाली ते असई याच जिल्ह्यात, भोकरदनकडे. तिच्यावर मात्र पुस्तकांमागून पुस्तके निघाली.

एका कंपनीने शहर राखता येते. भोवतालची शेकडो खेडी कुणी राखायची?

रझाकार पळाले, निजामाचे पोलीस गेले किंवा लपले, नवे अजून यायचे होते. ती पोकळी काही ठिकाणी दिवसांची, काही ठिकाणी आठवड्यांची होती आणि तिच्यात जुनी उट्टी निघाली. ज्यांनी रझाकारी केली ते बव्हंशी हत्यारे घेऊन सटकले होते. मागे उरले विणकर, पिंजारी, छोटे शेतकरी, कारकून, आणि त्यांच्या घरच्या बाया. बातम्या दिल्लीपर्यंत पोहोचल्या तेव्हा नेहरूंच्या सांगण्यावरून सुंदरलाल आणि गफार यांचे सद्भावना मंडळ निघाले. २९ नोव्हेंबरला ते हैदराबादेत आले, २१ डिसेंबरला दिल्लीला परतले. सोळांपैकी नऊ जिल्हे ते हिंडले. त्यांच्या अहवालाचा अंदाज असा : सावधपणे मोजले तरी संस्थानात २७ ते ४० हजार माणसे मारली गेली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड या चार जिल्ह्यांत १८ हजारांच्या खाली नाहीत. औरंगाबाद, बीड, नळगोंडा, मेदक या चारांत किमान पाच हजार. जालना त्या वेळी औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका असल्यामुळे तो या दुसऱ्या आकड्यात कुठेतरी आहे.

अहवालाला जोडलेल्या गोपनीय टिपणात एक विहीर आहे. मंडळाच्या लोकांनी आत डोकावून मोजले : अकरा प्रेते. त्यांतले एक बाईचे, आणि तिच्या छातीला बिलगलेले मूल.

अहवाल रझाकारांचे पाप झाकत नाही आणि ज्या हिंदूंनी मुसलमान शेजाऱ्यांना घरात दडवले त्यांचीही दखल घेतो. विशेषतः विणकरांनी विणकरांना वाचवल्याची. लष्कराने बऱ्याच ठिकाणी शिस्त राखली असे तो म्हणतो, आणि काही ठिकाणी वर्दीतले लोकच लुटीत आणि त्याहून वाईट गोष्टींत सामील होते असेही म्हणतो. बायकांबद्दल तो जे सांगतो ते वाचताना थांबावे लागते. बलात्कार, पळवापळवी आणि पळवलेल्यांतल्या काहींना संस्थानाबाहेर सोलापूर-नागपूरपर्यंत नेले जाणे, हे सारे त्यात आहे. म्हणजे ज्या सरहद्दीपलीकडे काही महिन्यांपूर्वी हिंदू कुटुंबे बायकामुलांच्या अब्रूसाठी गेली, तीच ओलांडून आता मुसलमान बाया नेल्या जात होत्या.

सरदार पटेलांना हा अहवाल मुळीच पटला नाही. सरकारने अशी समिती नेमलेलीच नाही आणि रझाकारांच्या अत्याचारांकडे ती पुरेशी बघत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. त्यात काही तथ्य आहे; तीन आठवड्यांच्या दौऱ्यात दोन्ही बाजूंचा पुरा हिशेब होत नाही. पण आक्षेप घेऊन अहवाल बाजूला ठेवला गेला आणि दुसरा, अधिक नेटका हिशेब कुणीच केला नाही. पन्नास-साठ वर्षे तो जाहीरपणे वाचायला मिळत नव्हता. काही भाग अभ्यासकांनी १९८० च्या दशकात छापले, आणि २०१३ च्या सुमारास तो दिल्लीच्या तीन मूर्ती भवनातल्या ग्रंथालयात पाहता येऊ लागला. मराठीत त्याची चर्चा होते ती बहुधा दोन सुरांत : एका बाजूला तो साफ खोटा, दुसऱ्या बाजूला तोच एकमेव खरा. दोन्हीकडचे लोक आकड्यांवर भांडतात. विहिरीतल्या बाईवर फारसे कुणी बोलत नाही, कारण ती कुणाच्याच मुद्द्याला पुरती उपयोगी पडत नाही.

फाळणीत पळवलेल्या स्त्रियांसाठी १९४९ साली कायदा झाला होता. मृदुला साराभाई आणि कमलाबेन पटेल यांचे त्यातले काम प्रसिद्ध आहे. त्या कायद्यावर टीकाही पुष्कळ झाली, कारण 'परत आणलेल्या' बाईला परत यायचे आहे का, हे विचारायची तरतूद त्यात नव्हती. तरी निदान नोंद झाली, शिबिरे उघडली, संसदेत वाद झाले. तो कायदा लागू होता पूर्व पंजाब, दिल्ली, संयुक्त प्रांत, पतियाळा संघ आणि राजस्थानला. हैदराबाद त्यात नाही. अंबड किंवा बीडची एखादी बाई सोलापूरला नेली गेली असेल, तर तिच्यासाठी हा चुकीचाही कायदा नव्हता.

ज्यांनी हत्यार हाती घेतले त्यांचे तरी काय झाले? बदनापूर तालुक्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके या जिल्ह्याला ठाऊक आहेत. रझाकारांशी समोरासमोर झुंजलेली, त्यांच्या तळावर बॉम्ब टाकायला गेलेली ही शेतकऱ्याची सून. लोकांनी तिला मराठवाड्याची झाशीची राणी केले. उपमा चांगली आहे, पण उपमेत बसवली की बाई एकटी, अपवाद होऊन जाते. शेजारच्या घरात भाकरी थापणारी, चिठ्ठी लुगड्याच्या ओच्यात लपवून पोचवणारी दुसरी बाई तिच्या मागे दिसेनाशी होते. १९७२ च्या केंद्र सरकारच्या पेन्शन योजनेत पुढे स्त्रियांसाठी तुरुंगवासाची अट सहा महिन्यांवरून तीनवर आणली गेली. सवलत खरी, पण पुरावा तोच मागितला : तुरुंगाचा दाखला किंवा सहकैद्याचे प्रमाणपत्र. भूमिगतांना जेवू घालणाऱ्या बाईला तुरुंगाचा दाखला कुठून मिळणार? तिला कुणी पकडले नाही हेच तर तिचे कौशल्य होते.

तेलंगणात या प्रश्नाचा मागोवा घेतला गेला. हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेने लढ्यातल्या बायांना बोलते केले. १९८६ मध्ये ते बोलणे पुस्तकरूपाने तेलुगूत आले आणि १९८९ मध्ये इंग्रजीत. बंदुका खांद्यावर घेऊन फिरलेल्या त्या बायांच्या बोलण्यात एक तक्रार पुन्हा पुन्हा येते : लढा मागे घेतला आणि पुढाऱ्यांनी आम्हाला घरी जायला सांगितले. मराठवाड्यात अनंत भालेरावांच्या ग्रंथासारखा भरभक्कम इतिहास आहे, आठवणी आहेत, गौरवग्रंथ तर ढिगाने आहेत. बायांच्या तोंडून काढलेला, असा सलग इतिहास मात्र नाही. ही उणीव संशोधकांची आहे. सांगणाऱ्या बाया तर आत्ताआत्तापर्यंत होत्या.

असे असले तरी फौज आली नसती तर बरे झाले असते, असे या पानांचे म्हणणे नाही. निजामाच्या राज्यात प्रौढ मताधिकार नव्हता. १९४९ च्या ऑगस्टात जहागिऱ्या गेल्या, नोव्हेंबरात निजामाने फर्मान काढून भारताची राज्यघटना मान्य केली, आणि २६ जानेवारी १९५० पासून जालन्यातली बाई, मग ती कुठल्याही धर्माची असो, कायद्यापुढे समान झाली. १९५१-५२ च्या निवडणुकीत तिने मत दिले. हे हक्क तोफांच्या मागोमाग आले, ही इतिहासातली अडचणीची गोष्ट आहे आणि ती गिळून टाकण्यात अर्थ नाही. फौजेने हक्क आणले आणि फौजेच्या मागून अत्याचारही आले. एकाने दुसरे फिटत नाही, आणि फेडायचा प्रयत्न करणारा माणूस बहुधा कुठल्या तरी बाजूचा वकील असतो.

जगात हा खटला पुन्हा पुन्हा उभा राहिला आहे. बांगलादेशात १९७१ साली हिंदुस्थानी फौजेचा प्रवेश बहुतेकांना न्याय्य वाटतो. तिथल्या सरकारने बलात्कारितांना 'बीरांगना' म्हणून गौरवले, आणि तो किताब अनेकींना गावात लपवून ठेवावा लागला. त्यांतल्या काहींना मुक्तियोद्धा म्हणून मान्यता मिळायला २०१५ उजाडले. अफगाणिस्तानात २००१ च्या ऑक्टोबरात अमेरिकेचे बॉम्ब पडू लागले, आणि पुढच्याच महिन्यात राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश यांनी रेडिओवरून या लढाईला अफगाण स्त्रियांच्या हक्कांची लढाई म्हटले. त्या वीस वर्षांत मुली शाळेत गेल्या हे खरे. २४९ जणांच्या सभागृहात ६८ जागा स्त्रियांसाठी राखल्या गेल्या हेही खरे. पण त्याच संसदेत युद्धखोर सरदारांचे नाव घेऊन बोलणाऱ्या मलालाई जोया यांना २००७ मध्ये निलंबित केले गेले, आणि ते सरदार परकी फौजेचे दोस्त होते. २९ फेब्रुवारी २०२० ला दोह्यात अमेरिका आणि तालिबान यांनी करार केला. सैन्य कधी निघेल, कैदी कधी सुटतील, सारे त्यात आहे. स्त्रियांविषयी एक ओळ नाही. लढाई सुरू करताना रेडिओवर ज्यांचे नाव होते, त्या लढाई मिटवतानाच्या कागदावर नव्हत्या. पुण्यात शिकणाऱ्या अफगाण मुलींना ऑगस्ट २०२१ मध्ये, काबूल पुन्हा तालिबानच्या हाती गेल्यावर, याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागला नाही. व्हिसा संपत आला होता आणि परत जाऊन शिकता येईल याची खात्री उरली नव्हती.

जालन्याची काबूलशी तुलना सगळीकडून जुळत नाही. हैदराबाद चारी बाजूंनी हिंदुस्थानने वेढलेले, भाषा, सोयरिका आणि बाजार दोन्हीकडचे एकच. इथे आलेली फौज परत गेली नाही, कारण इथले लोक त्याच देशाचे नागरिक झाले. म्हणून इथली जबाबदारी अधिक आहे, कमी नाही. परकी फौज निघून गेली की तिच्यावर खापर फोडता येते. इथे विचारायचे झाले तर स्वतःच्याच तहसील कचेरीला विचारावे लागते.

आणि त्या कचेरीतले कागद आता कुणाला अपरिचित राहिलेले नाहीत. १ सप्टेंबर २०२३ ला अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला, त्यानंतर न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि 'निजामकालीन नोंदी' हे शब्द चहाच्या टपरीवर आले. खासरा पत्रके, पाहणी पत्रके, कोतवाल बुके बाहेर निघाली. उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. सगळी नजर जातीच्या रकान्यावर होती, आणि त्या कामापुरते ते ठीकच. पण ज्या कोतवाल बुकात जातीचा उल्लेख सापडतो, त्यातच गावातले मृत्यूही तारीखवार असतात. सप्टेंबर-ऑक्टोबर १९४८ ची पाने कुठल्या गावात भरलेली आहेत आणि कुठे कोरी, हे पाहायला आरक्षणाच्या बाजूचा असण्याची गरज नाही, विरोधातला असण्याचीही नाही. १९५० च्या दशकातल्या खासरा पत्रकांत जमिनीच्या धन्याच्या जागी अचानक एखाद्या बाईचे नाव दिसले, किंवा जुने मुसलमान नाव जाऊन भलतेच नाव आले, तर तिथून चौकशी सुरू होऊ शकते.

ज्याला ती करायची आहे त्याने एक लक्षात ठेवावे. जालना हा जिल्हा १ मे १९८१ चा. १९४८ चे जालना, अंबड, भोकरदन आणि जाफराबाद औरंगाबादच्या दप्तरात शोधावे लागतात. परतूर तेव्हा परभणीत होते, आणि सुंदरलाल मंडळाने ज्या आठ जिल्ह्यांचे आकडे वेगळे काढले त्यांत परभणी नाही. तेव्हा परतूरच्या बायांसाठी सुरुवात परभणीपासून करावी लागेल आणि तीही कुठल्याच आकड्याच्या आधाराशिवाय.